उगवतीला तोंड असलेली घरं

जिजींनी पापडीचं सूप मधल्या भिंतीवर ठेवलं, तेव्हाच ओळखलं की आज पापडी निवडून होणार नाही. आमच्या दिंडोलीच्या रो-हाउसांमधली भिंत छातीएवढी. कोपरं टेकायला तिच्यासारखी दुसरी सोय नाही.

"ताई, ऐकलंस? कोपऱ्यावरच्या घरी काल भगत आला होता. पोरगं महिनाभर झोपेना, जेवेना. भगतानं तांदूळ टाकले अन् म्हणे, करणी आहे. करणारीण याच गल्लीतली, तिच्या घराचं तोंड उगवतीला."

"उगवतीला तोंड असलेली दोनच घरं, जिजी. एक माझं."

"अन् दुसरं माझं ना माय! म्हणून तर आले धावत."

"पोरगा करतो काय?"

"उधन्याला जेकार्ड लूमवर आहे. रातपाळी, बारा तास."

"मग करणी त्या लूमची. दिवसभर पत्र्याखाली झोप कुठून यायची?"

जिजींना हे फार साधं वाटलं. साध्या कारणाला उताऱ्याचं लिंबूसुद्धा लागत नाही. मग मी त्यांना सुरतेचीच एक जुनी कुचाळकी सांगितली.

"इथे दुर्गाराम मेहताजी नावाचे मास्तर होते. त्यांनी आणि मित्रांनी 22 जून 1844 ला मानवधर्म सभा काढली. मंत्र-तंत्र करणाऱ्यांना उघड आव्हान: या, आमच्यासमोर करून दाखवा. आणि त्यांच्या जोडीला कोण? आपले दादोबा पांडुरंग तर्खडकर. मुंबईचे, मराठीचं व्याकरण लिहिणारे. इथल्या शाळेत शिकवायला आले होते."

"शिकवायचं सोडून हे उद्योग?"

"उद्योग आधीच सुरू झाले होते. 1842 मध्ये पुस्तक प्रसारक मंडळी काढली, सुरतेत शिळाछाप आणला."

"शिळा म्हणजे कालचा?"

"शिळा म्हणजे दगड! गुळगुळीत चुनखडीवर तेलकट शाईनं लिहायचं, मग दगड ओला करायचा. कोऱ्या जागी पाणी राहतं, अक्षरावर राहत नाही. वरून शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त अक्षराला धरते. कागद दाबला की छापून तयार."

"म्हणजे पदरावरचा तेलाचा डाग. पाण्यानं हटत नाही."

मी चाटच पडले. सेनेफेल्डर नावाच्या जर्मन माणसाला 1796 च्या सुमारास ही वाट सापडली ती, तोच सांगे तसं, आईनं धुण्याच्या कपड्यांची यादी लिहून मागितली तेव्हा. हाताशी कागद नव्हता, म्हणून दगडावर लिहिली. ही गोष्ट जिजींना मेहताजींपेक्षा जास्त आवडली. "शोध लावला आईनं, नाव पोराचं," म्हणाल्या.

मेहताजींची सभा निघाली त्याच 1844 च्या ऑगस्टात सरकारनं मिठावरचा कर मणामागे आठ आण्यांवरून रुपया केला, आणि सुरत रस्त्यावर उतरली. सरकारला नमतं घ्यावं लागलं. (गांधीजींची दांडी इथून फार लांब नाही, मिठाच्या बाबतीत हा मुलूख पहिल्यापासून तिखट.)

"अन् ते तर्खडकर?"

"मुंबईला परतले. तिथे 1849 मध्ये परमहंस सभा. ती मात्र गुपचूप. दारं लावून बसायचं, जात मोडायची म्हणून ख्रिस्ती भटारखान्यातला पाव खायचा. पुढे 1860 मध्ये सभासदांची वही चोरीला गेली. नावं फुटणार म्हटल्यावर सभाच मोडली."

जिजींचे डोळे चमकले. "वही चोरली कुणी?"

दगडाची छपाई, मिठाचा कर, जात मोडणं, सगळं बाजूला राहिलं. मलाही पटलं, प्रश्न तोच होता. मला वाटतं, दादोबांची खरी हिंमत सुरतेतली. तिथे आव्हान उघड्यावर होतं, दारं लावून नव्हतं.

"ते जाऊ द्या. आपण दोघी आज संध्याकाळी कोपऱ्यावर जाऊ. पोराच्या आईला सांगू, शेठकडे दिवसपाळी माग. आणि भगताला म्हणू, आमच्या दोघींच्या दारात येऊन तांदूळ टाक."

"भगताला शोधायला नको. हा बघ त्याचा कागद." जिजींनी कमरेच्या पिशवीतून रंगीत, गुळगुळीत, छापील चिटोरं काढलं. नजर, करणी, कोर्टकचेरी, कंबरदुखी, चोवीस तासांत गॅरंटी.

"हा तुमच्याकडे कसा?"

जिजींनी सूप उचललं. पापडी तशीच होती.

"कंबर दुखत होती ना माय, दिवाळीत."