जपानी तांदूळ विकत घेऊ इच्छिणाऱ्यांस जाहीर सूचना

ज्या देशात सरदाराची पत त्याच्या मुलखातून किती ‘कोकु’ तांदूळ निघतो यावर ठरत असे, आणि एक कोकु म्हणजे एका माणसाची वर्षाची बेगमी असा ढोबळ हिशेब होता, त्या देशाच्या बाजारात पाच किलोंची पिशवी निवडणे हे काम ऐनवेळच्या लहरीवर सोपवण्याइतके क्षुल्लक नाही, हे ग्राहकाने प्रथम ध्यानात घ्यावे.

सर्वांत सुलभ मार्ग कृषिमंत्री होण्याचा. २०२५ च्या मे महिन्यात, तांदळाचे भाव वर्षभरात दुपटीच्या घरात गेले असता, जपानच्या तत्कालीन कृषिमंत्र्यांनी आपण तांदूळ कधी विकत घेतलाच नाही, समर्थकांकडून तो भरपूर येतो, असे भर सभेत सांगितले. परंतु त्यानंतर अल्पावधीतच त्यांना हुद्द्याचा राजीनामा द्यावा लागल्यामुळे या मार्गाची शिफारस करणे प्रशस्त वाटत नाही.

सबब पिशवी वाचावयास शिकावे. तीवर प्रांत, वाण आणि पिकाचे वर्ष या तीन बाबींची नोंद असावी व तांदूळ केव्हा सडला, म्हणजे त्याचा कोंडा केव्हा काढला, तेही पाहावे. आपल्याकडे जुन्या तांदळाला मान. तिकडे नव्याचे, म्हणजे ‘शिनमाई’चे, कौतुक असते, आणि पीक निघाल्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत जो पिशवीत भरला गेला त्यालाच ही पदवी लावता येते. तांदळाच्या तारुण्याची मुदत सरकारी दप्तराने ठरवून द्यावी, हे शिस्तप्रिय राष्ट्रालाच शोभते.

चवीचा निवाडा करण्यासाठी तेथे धान्य-परीक्षण संस्था आहे. १९७१ पासून तिचे वीस तरबेज परीक्षक रूप, गंध, चव, चिकटपणा आणि कठीणपणा यांची छाननी करून दरसाल श्रेणी लावतात; ‘विशेष अ’ ही आज त्यांतली सर्वांत वरची. १९५६ साली नोंदला गेलेला कोशिहिकारी हा वाण, त्यातही नीगाता प्रांतातील उओनुमाचा, या दरबारातील मानकरी. तरीही २०१७ च्या पिकाला नुसता ‘अ’ मिळाला, आणि पुढील वर्षी ‘विशेष’ पूर्ववत बहाल होईपर्यंत त्या मुलखाची झोप उडाली असल्यास नवल नाही.

येथपर्यंत सारे सुरळीत आहे. अडचण अशी की, दाण्यात प्रथिने जितकी कमी तितका भात मऊ व लुसलुशीत होतो, आणि कोंडा व अंकुर जितके काढावेत तितका तो शुभ्र दिसतो. अर्थात, चवीच्या न्यायासनापुढे जो गुण ठरतो तोच पोषणाच्या कचेरीत गुन्हा म्हणून नोंदला जातो. पांढऱ्या भाताला सोकावलेल्या एदो (आजचे टोकियो) शहरात, कोंड्यातील जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारी बेरीबेरी इतकी बोकाळली की तिला ‘एदोचा आजार’ हेच नाव पडले. पुढे नौदलाचे वैद्य ताकाकी कानेहिरो यांनी १८८० च्या दशकात खलाशांचा आहार बदलून रोग आटोक्यात आणला. लष्कराने मात्र त्यांचे म्हणणे मनावर घेतले नाही, आणि १९०४-०५ च्या रशियाशी झालेल्या युद्धात सुमारे २७ हजार सैनिक याच व्याधीने दगावले. शुभ्रतेचा एवढा महसूल कोणत्याही राजाने वसूल केला नसेल.

तेव्हा तडजोड हाच राजमार्ग. ‘गेनमाई’ म्हणजे कोंड्यासकटचा तांदूळ घ्यावा आणि गावाच्या वेशीवर नाणी टाकून चालणाऱ्या सडण्याच्या यंत्रापुढे हजर व्हावे. तेथे तीन, पाच व सात ‘बु’ अशा कळा असतात. जितके बु, दहापैकी तितके भाग कोंडा गेला, असा हिशेब. पोषणवाद्याने तीनची कळ दाबून तांदूळ दीर्घकाळ भिजवावा, चवीच्या भोक्त्याने सातची. पाचावर दोघांनीही समान असंतोष व्यक्त करावा. ज्यांच्याने शुभ्र भाताचा मोह सुटतच नाही त्यांनी तो खुशाल करावा, मात्र पुष्कळ ठिकाणी यंत्राशेजारी फुकट मिळणारा कोंडा पिशवीभर घरी न्यावा आणि त्यात मीठपाणी कालवून काकडी, मुळा पुरून ठेवावा. कोंड्यातील जीवनसत्त्व भाजीत मुरते, आणि यंत्रात जे दवडले त्याचा काही अंश लोणच्याच्या वाटेने पानात दाखल होतो.