झिरो माइलचा पाणबुड्या

नागपूरहून कुठल्याही समुद्राला जायचं म्हणजे एक अख्खी रात्र गाडीत काढावी लागते. त्यामुळेच असेल, पण पाण्याखालच्या गोष्टींवर इथल्याइतकं अधिकाराने कुणी बोलत नाही. तारकर्लीला स्कूबाचा कोर्स करून आलेला हा गृहस्थ धरमपेठेत, तर्री-पोह्याच्या ठेल्यावर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही भेटतो. ओळख असो-नसो, तो तुम्हाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळतो आणि म्हणतो, "पाच किलो. सूट जाड असन तं सहा."

तुम्हाला बुडवायला किती शिसं लागेल, त्याचा हा हिशोब असतो.

ज्ञान खोटं नाही हो, तेच तर दुखणं आहे! वेटसूटच्या रबरात हवेचे बारीक बुडबुडे असतात, म्हणून सूट घातलेला माणूस तरंगतो, हे तो बादलीत संत्रं टाकून दाखवतो. सालीसकट संत्रं वर, सोललेलं तळाला. मग दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो, बुडबुडे निम्मे होतात, सूटची उचल कमी होते आणि वर बरोबर वाटलेलं शिसं खाली जड होतं, हे ऐकेपर्यंत घरातली निम्मी संत्री सोलून झालेली असतात. वहिनी आता संत्री कपाटात ठेवतात.

अंबाझरी तलावासाठीही त्याचा तक्ता तयार आहे. गोडं पाणी समुद्रापेक्षा हलकं, म्हणून दोन-तीन किलो कमी. शिवाय डायव्हिंगच्या नियमांत 300 मीटरच्या वरचं पाणी 'उंचावरचं' धरतात आणि नागपूर पडतं 310 मीटरवर! या दहा मीटरांचा त्याला एव्हरेस्टएवढा अभिमान. अंबाझरीत डायव्हिंग कुणी करत नाही, ही बाब तो किरकोळ समजतो.

वजनाच्या दहा टक्के शिसं घ्या, असं कुणी म्हटलं की तो चिडतो. "अंदाज आहे न तो, भाऊ! चाचणी शेवटी करा लागते." हेही खरंच. भरलेल्या सिलिंडरमधल्या हवेलाच अडीच किलोंच्या आसपास वजन असतं. श्वासागणिक ते कमी होतं आणि डायव्ह संपताना माणूस वर उचलला जाऊ लागतो. म्हणून सिलिंडरमध्ये 50 बार उरले असताना हवा भरायचं जॅकेट रिकामं करायचं, नेहमीचा श्वास घेऊन थांबायचं. पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं आणि श्वास सोडल्यावर हळूहळू बुडालात, तर वजन बरोबर.

एवढं सगळं कळणारा माणूस मालवणला बोटीवर चढला की मात्र त्याच्यातला नागपुरी यजमान जागा होतो. मोजकं वाढणं हा त्याच्या घरी अपमान. "घ्या न जी, अजून एक. असू द्या, कामी पडते!" करत तो शिशाचे ठोकळे जिलेबीच्या आग्रहाने लोकांच्या पट्ट्यात सरकवतो. स्वतःही भरपेट घेतो. मग ते जादा वजन पेलायला जॅकेटमध्ये जादा हवा भरायची, वर येताना ती फुगते, की हा नको तेव्हा वर निघाला. सगळं शिसं कमरेला, त्यामुळे पाय खाली, डोकं वर. फिन्सनी तळाची रेती उडवत तो समुद्रात उभ्याने फिरतो. मासे बघायला आलेल्यांना रेती दिसते. हवाही त्याचीच आधी संपते.

मालवणची पोरं हुशार. काही न बोलता त्याचे दोन ठोकळे काढतात, एक सिलिंडरच्या पट्ट्यावर वर सरकवतात. मग तो पाण्यात सरळ आडवा होतो आणि बाहेर येऊन सांगतो, "पाहिलं? मी म्हटलं होतं न."

मालवणच्या बोटीवर हा भेटला, तर त्याने डब्यातून काढलेली संत्राबर्फी जरूर घ्या. शिसं तेवढं स्वतः मोजा, आणि पट्ट्याचं बकल एका हाताने सुटतं का, ते पाण्यात उतरण्याआधी तपासा.