मंगळवारची स्कूटी

वहिनी, जरा इकडे या, जाईपाशी. हळू बोला. अण्णांना सगळं ऐकू येतं आणि समजतंही. बोलता येत नाही, एवढंच.

ती स्कूटीवरची पोरगी ना? नात्यातली नाही हो, स्पीच थेरपिस्ट. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत चार वर्षं शिकलीय. दर मंगळवारी आपल्या भागात घरोघरी फिरते. मला आधी वाटलं, तोतऱ्या पोरांची मास्तरीण असेल! पण अण्णांसारखा लकव्याचा झटका मेंदूच्या डाव्या बाजूला आला, की उजव्या हातासोबत बऱ्याचदा वाचाही जाते म्हणे.

गंमत ऐका. अण्णा एक ते दहा घडाघडा म्हणतात, हरिपाठ सुरात म्हणतात, शिव्या तर (हसू नका) अगदी स्पष्ट देतात. आणि समोर तांब्या धरला, की 'ते... ते...' करत डोळ्यांत पाणी. मी समजत होते, सोंग करतात! ती म्हणाली, तोंडपाठ असलेलं आपसूक बाहेर पडतं. नेमका शब्द हुडकायचा म्हटलं की अडतं. लाज वाटली हो मला मेलीला.

पहिल्या दिवशी तिनं अण्णांना काही शिकवलंच नाही. टीव्ही बंद करायला लावला आणि मला म्हणाली, "काकू, त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. मनात दहापर्यंत मोजा." मी, आणि गप्प! आमचे हे तर तोंडावर पेपर धरून हसत होते.

चहावरूनही बोलणी खाल्ली. ठसका लागतो म्हणून मी सगळं पातळ करून देत होते, तर अण्णांना पातळच जास्त धोक्याचं निघालं, श्वासनळीत जातं. दाटसर पेज सोपी पडते. तीही ताठ बसवून, लहान लहान घोट.

परवा, सहा आठवड्यांनी, जेवताना अण्णा म्हणाले, "मीठ." भाजी अळणीच होती.

आता राग मानू नका. तुमचा नातू अडीच वर्षांचा झाला. बापही उशिरा बोलला, हे किती दिवस सांगणार? वेखंड चाटवून झालं, आधी कान तपासून घ्या. भांडं पडल्यावर वळतो म्हणून सगळंच ऐकू येतं असं नाही. सरकारी योजनेत १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी फुकट आहे, कुठे न्यायचं ते ती सांगेल.

मंगळवारी साडेदहाला घेऊन या त्याला. आणि येताना तो मोबाइल घरी ठेवा.