शेऱ्याचा रकाना

हिशेब चोख लिहिण्याची आवड आणि त्याच हिशेबात हळूच हात घालण्याची आवड या दोन परस्परविरोधी वृत्ती विधात्याने एकाच मानवी मेंदूत शेजारी शेजारी का ठेवल्या असाव्यात, याचा उलगडा चौतीस वर्षे एका कचेरीच्या हिशेब शाखेत खर्डेघाशी करूनही मला झाला नव्हता. तो निवृत्तीनंतर, वसईत निर्मळच्या बाजूला एका वाडीमागच्या मैदानावर, बारा वर्षांखालील मुलांचा क्रिकेटचा सामना चालू असताना, एका रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास झाला.

कारकुनाला निवृत्ती असते, आकड्यांना नसते. माझा नातू त्या मैदानावरच्या क्रिकेट वर्गाला जाऊ लागला आणि आपल्या आजोबांना बेरीज येते ही गौप्यस्फोटक बातमी त्याने पहिल्याच आठवड्यात तेथे फोडली. परिणामी सरांनी (क्रिकेटच्या दुनियेत प्रशिक्षकाला नाव नसते, तो केवळ ‘सर’ असतो) एक लांबरुंद स्कोअरबुक, दोन पेन्सिली आणि एक खोडरबर रीतसर माझ्या हवाली केले. मैदानाच्या एका अंगाला केळी, दुसऱ्या अंगाला चिंचेचे जुने झाड, आणि तिसऱ्या अंगाला एक बावखल, म्हणजे आमच्याकडचे लहानसे तळे, ज्याने आजवर किती चेंडू गिळंकृत केले याची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात नाही. चिंचेखाली माझे टेबल, आणि टेबलाभोवती अर्धवर्तुळाकार मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पालकवर्ग.

या पालकवर्गाला कोणी नावाने ओळखत नाही. ‘लेगस्पिनरचे पप्पा’, ‘कीपरची मम्मी’, ‘डावखुऱ्याचे मामा’ अशा पदसिद्ध उपाधींनीच तेथील व्यवहार चालतो. लेगस्पिनरच्या पप्पांपाशी लाल बांधणीची एक वही आहे, आणि तीत त्यांच्या दहा वर्षांच्या चिरंजीवांनी टाकलेल्या प्रत्येक चेंडूची मिती, वार आणि गतीसह नोंद आहे. कीपरच्या मम्मी मोबाईलवरील ॲपमध्ये सुटलेले झेल भरतात, पण ते केवळ इतरांच्या मुलांनी सोडलेले. आणि माझे स्वतःचे चिरंजीव, ज्यांना घरातल्या विजेच्या बिलाचा आकडा विचारला तर आढ्याकडे पाहतात, ते आपल्या मुलाचा स्ट्राइक रेट दशांश चिन्हानंतर दोन अंकांपर्यंत तोंडपाठ सांगतात.

या साथीचे मूळ शोधू लागल्यास दोष विरारकडे जातो. २०१३ च्या नोव्हेंबरात विरारच्या पृथ्वी शॉ नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाने हॅरिस शील्डच्या सामन्यात रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेकडून ३३० चेंडूंत ५४६ धावा काढल्या, आणि त्या दिवसापासून नायगावपासून विरारपर्यंतच्या प्रत्येक बापाच्या मनात ५४६ हा आकडा सातबाऱ्यावरील बोज्यासारखा चढून बसला. त्या मुलाने पहाटेच्या गाडीत किटबॅग कोंबून वांद्र्यापर्यंत किती खेपा केल्या, त्या गर्दीत त्याच्या वडिलांनी किती धक्के खाल्ले, हे आकडे कोणी पाठ केले नाहीत. ५४६ तेवढा पाठ झाला. त्यावर कडी म्हणून की काय, २०१६ च्या जानेवारीत कल्याणच्या प्रणव धनावडेने शालेय सामन्यातच नाबाद १००९ धावा केल्या आणि १८९९ पासून इंग्लंडात अढळ बसलेला कॉलिन्सचा ६२८ चा विक्रम एका झटक्यात बरखास्त केला. त्या बिचाऱ्या स्कोअररचा विचार माझ्यासारख्या समव्यवसायी माणसाच्या मनात आल्यावाचून राहत नाही. एका फलंदाजापुढे आखून दिलेल्या चौकोनांत हजार धावा मावत नाहीत. पुरवणी कागद जोडावे लागतात, आणि पुरवणी जोडली की ऑडिट आलेच. परंतु त्या प्रकरणातली मला सर्वांत मोलाची वाटणारी नोंद धावांची नाही. मुंबई क्रिकेट असोसिएशनने त्या मुलाला दरमहा दहा हजारांची शिष्यवृत्ती दिली. पुढे त्याचा खेळ मंदावला तेव्हा, रिक्षा चालवून संसार करणाऱ्या त्याच्या वडिलांनी, ही रक्कम तूर्त थांबवावी असे आपण होऊन कळविले. जमेची बाजू स्वहस्ते कमी करणारा असा खातेदार मला चौतीस वर्षांत भेटला नाही.

पूर्वीचे गुरुजन एवढ्या बारीक मोजदादीत पडत नसत. आचरेकर सर सचिनच्या यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. बाद करील त्याचे ते नाणे, आणि कोणीच बाद करू शकला नाही तर सचिनचे. सचिनपाशी अशी तेरा नाणी जमली, आणि ती त्याने जिवापाड जपली. एक रकाना, एक नाणे, निकाल हातोहात. आमचे सर मात्र काळाबरोबर चालतात. ते दरमहा प्रत्येक पालकाच्या मोबाईलवर एक छापील तक्ता धाडतात, ज्यात ‘आक्रमकता’, ‘एकाग्रता’ आणि ‘मैदानावरील देहबोली’ यांना शेकड्यात गुण असतात. माझ्या नातवाला देहबोलीत ६२ पडले, त्या संध्याकाळी आमच्या घरी कोणी धड जेवले नाही.

हा रोग आपल्याच देशी आहे असे समजून मी खिन्न होतो, तोच न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या माझ्या पुतण्याने फोनवर माझे सांत्वन केले. त्याचा मुलगा बेसबॉल खेळतो. त्या खेळात क्षेत्ररक्षकाच्या चुकांना अधिकृत रकाना आहे, आणि फलंदाज पहिल्या ठाण्यावर पोचला तो स्वकर्तृत्वाने की समोरच्याच्या गफलतीने, याचा निवाडा स्कोअररने द्यायचा असतो. फलंदाजाची आई एका बाजूने आणि क्षेत्ररक्षकाचा बाप दुसऱ्या बाजूने त्या स्कोअररला जाब विचारतात. पुतण्याच्या म्हणण्याप्रमाणे, निवाडा देताना स्कोअरर गाडीची किल्ली हातात तयार ठेवतो. मौज अशी की बेसबॉलला हे हिशेबाचे वेड लावणारा हेन्री चॅडविक हा गृहस्थ मूळचा इंग्रज, १८२४ साली एक्सेटरला जन्मलेला, आणि न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत आधी क्रिकेटचेच वृत्तांत लिहिणारा. क्रिकेटच्या धावफलकाची कला त्याने बेसबॉलमध्ये कलम केली. तेव्हा बीज आमच्याच वाडीतले. फळे तिकडे अधिक लागली एवढेच.

आता त्या रविवारची कैफियत.

माझा नातू फलंदाजीस आला आणि समोर गोलंदाज होता तो लाल वहीचा धनी, म्हणजे लेगस्पिनर. पाच चेंडू निर्धाव गेले. माझ्या पुस्तकात पाच टिंबे पडली, पप्पांच्या वहीतही पाच पडली. जाणकारांना सांगणे नलगे की षटकात गोलंदाजाच्या नावे एकही धाव लागली नाही, तर ती सहा टिंबे रेघांनी जोडून इंग्रजी ‘एम’ अक्षर काढतात, आणि निर्धाव षटकाचे ते अक्षर बापाच्या वहीत सौभाग्यलेण्यासारखे मिरवते. पप्पांची पेन्सिल रेघेसाठी उचललेली मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिली. सहावा चेंडू आला. ‘थप्प’ असा मऊ आवाज झाला, जो बॅटचा कधी नसतो आणि पॅडचाच असतो. चेंडू गोलंदाजाच्या पुढ्यातच घोटाळला, मुले एक धाव पळाली, आणि मैदानावर एकाएकी मोठा हशा उसळला. पंचाच्या जागी उभे असलेले सर इतके हसत होते की पायाची धाव दाखविण्याकरिता गुडघ्यावर मारावयाचा हात त्यांनी पोटावर धरला होता. खूण झाली नाही. पुढच्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर नातवाचा त्रिफळा उडाला.

म्हणजे भोपळा. आता भोपळा या शब्दाचे वजन आजोबा झाल्यावाचून कळत नाही. मला एकदम आठवले की भाऊसाहेब निंबाळकर १९४८ साली पुण्यात ४४३ वर नाबाद होते आणि ब्रॅडमनच्या ४५२ ला केवळ नऊ कमी असताना काठियावाडच्या कप्तानाने सामनाच सोडून दिला. त्याच वर्षी खुद्द ब्रॅडमनला कसोटीतली सरासरी शंभर होण्यासाठी अखेरच्या डावात चारच धावा हव्या होत्या आणि तो शून्यावर गेल्याने त्याची सरासरी ९९.९४ वर कायमची अडकली. जगाच्या दप्तरात एवढ्या मोठ्या थकबाक्या वसुलीवाचून पडून असताना, एका अकरा वर्षांच्या पोराला एक धाव दिल्याने कोणते संस्थान खालसा होणार होते? चौतीस वर्षांत ज्या हाताने एका पैशाची खाडाखोड केली नव्हती, त्याने नातवाच्या नावापुढे १ हा अंक लिहिला. अंक सुबक आला.

परंतु ममतेच्या भरात मी एक मूलतत्त्व विसरलो. स्कोअरबुक ही दुहेरी नोंदीची खतावणी आहे. लेगबाय ही अवांतर खाती पडते, ती ना फलंदाजाची ना गोलंदाजाची. पण तीच धाव फलंदाजाच्या खाती जमा करावी, तर तत्क्षणी ती गोलंदाजाच्या खाती नावे पडते. नातवाचा भोपळा वाचवताना मी लेगस्पिनरचे निर्धाव षटक जप्त केले होते.

डाव संपताच लाल वही माझ्या टेबलावर आली.

“काका, सहाव्या बॉलला तुम्ही एक लिहिलाय?”

“लिहिलाय.”

“लेगबाय होता तो. माझ्याकडे मेडन आहे.”

“सरांनी खूण केली नव्हती,” मी नियमाचा आश्रय घेतला. तेवढ्यात माझे चिरंजीव मोबाईल नाचवीत आले; त्यांच्या ॲपमध्ये तो सरळ सरळ मिडविकेटचा फटका होता. कीपरच्या मम्मींनी तटस्थतेची घोषणा करून दोघांच्याही मुलांनी मागे सोडलेले झेल वाचून दाखवले. सरांना साक्षीला बोलावले, तर ते पुन्हा हसू लागले. १८०२ साली याच गावाच्या नावाने झालेल्या तहात दुसऱ्या बाजीराव पेशव्यांनी काय काय गमावले हे आपण शाळेत शिकलो; त्या वसईचा दुसरा तह चिंचेखाली घडून येण्याची वेळ आली, आणि वाटाघाटी कशासाठी, तर लेगबाय धरा की धाव धरा, संघाची एकूण संख्या ९७ होती ती ९७ च राहत होती.

शेवटी दोन्ही पक्षांनी आपापले साक्षीदार पाचारण केले. साक्षीदार रोलरवर बसून एकाच कागदातली चिंच-मीठ खात होते.

“सहावा बॉल?” नातू म्हणाला. “कुठला? बूट निघाला तो?”

“हां, तोच,” लेगस्पिनर म्हणाला. “पॅडला लागला. मग हा पळाला आणि याचा बूट पिचवरच राहिला. हा एका मोज्यावर पळत होता!”

दोघेही पुन्हा हसून लोळू लागले. पप्पांच्या कपाळावर मात्र आठी चढली. “अरे, पण मग बॉल तुझ्यासमोरच होता ना? हा क्रीजच्या बाहेर! रनआउट का नाही केलास?”

मुलाने बापाकडे, एवढी उघड गोष्ट यांना कळू नये याचे आश्चर्य वाटल्यासारखे पाहिले.

“माझ्या हातात त्याचा बूट होता ना.”

पप्पा वही मिटून बावखलाकडे पाहत राहिले. चिरंजीवांनी मोबाईल खिशात घातला. मी खोडरबर उचलला नाही. दप्तराचा शिरस्ता असा की चुकीची नोंद खोडू नये, तिच्यावर एक आडवी रेघ मारावी, शेजारी खरी लिहावी आणि खाली आद्याक्षरी करावी. त्याप्रमाणे नातवाच्या नावापुढे शून्य आले, अवांतरात एक वाढला, लेगस्पिनरची सहा टिंबे जोडून ‘एम’ झाले. तो बूट दोन नंबर मोठा होता, आणि ‘वाढते अंग आहे, दोन वर्षे जाईल’ अशा काटकसरीच्या धोरणाने गेल्या महिन्यात तो कोणी घेऊन दिला होता, हे माझ्या चिरंजीवांच्या मोबाईलमध्ये नव्हते. माझ्या मात्र पक्के ध्यानात होते.

पुस्तकाच्या उजव्या कडेला एक अरुंद, कोराच राहिलेला रकाना होता. मी तेथे लिहिले: ‘शेरा: फलंदाजाचा बूट प्रमाणाबाहेर मोठा. जबाबदारी स्कोअररची. पुढील रविवारपूर्वी बदलून देणे.’