खुडूक

कोंबडी खुडूक झाली की लगेच कळतं. अंडी द्यायची थांबते, जागेवरून हलत नाही, पिसं फुगवून बसते आणि कुणी हात नेला की टोचते. लासूर स्टेशनला आमचे तात्या नोकरीतून सुटले आणि दुसऱ्याच महिन्यात खुडूक झाले.

देवघराशेजारी त्यांचं थर्माकोलचं खोकं असतं. आत 60 वॅटचा बल्ब, पाण्याची वाटी, थर्मामीटर आणि कडकनाथची 24 अंडी. समई विझली तर चालते, बल्ब विझता कामा नये. पारा साडेसदतीसवरून अर्धा अंश ढळला, की घाम तात्यांना फुटतो.

पाहुण्याला चहाच्या आधी प्रश्न मिळतो. "कडकनाथचं अंडं कसल्या रंगाचं?" पाहुणा बिचारा "काळं" म्हणतो आणि फसतो. मग तात्या पाट सरसावून बसतात. कातडी काळी, मांस काळपट, हाडंसुद्धा तशीच; अंडं मात्र फिकट बदामी! झाबुआची जात, 2018 साली जीआय मिळालेली. तुमच्या बॉयलरसारखी नव्हे. (ब्रॉयलरला ते बॉयलर म्हणतात. आख्खा तालुका म्हणतो.) जातिवंत, जातिवंत असं इतक्यांदा येतं, की पाहुण्याला वाटतं, कुणाचं स्थळ आलंय.

अंडी दिवसातून तीनदा फिरवायची, नाहीतर आतला जीव कवचाला चिकटतो. म्हणून प्रत्येक अंड्याला पेन्सिलीनं एका अंगाला फुली, दुसऱ्या अंगाला गोल. पहाटे देवगिरी गेली की फुली वर, दुपारी तपोवन गेली की गोल वर, निजताना पुन्हा फुली; दुसऱ्या दिवशी नेमकं उलट. एकदा तपोवन दोन तास लेट आली, तर अंडीही दोन तास लेट. तेव्हापासून उशाला गजराचं घड्याळ आलं.

सातव्या रात्री दिवे घालवून, पुठ्ठ्याच्या भोकाला मोबाइलची बॅटरी लावून तपासणी झाली. एका अंड्यात तांबड्या शिरांचं जाळं आणि मधे हलणारा ठिपका दिसला. तात्यांचा आवाज एकदम खाली आला. गल्लीतली पोरं बोलवली, शेजारचा टेलर बोलवला. सात अंडी कोरी निघाली, ती मुकाट्यानं बाजूला गेली.

अठराव्या दिवसापासून अंडी फिरवायची नसतात. ते तीन दिवस तात्यांनी हात कुठं ठेवावेत हा घरापुढचा मोठाच प्रश्न होता. त्यात एकोणिसाव्या रात्री लाइट गेली. गरम पाण्याच्या बाटल्या, गोधडी, वरून स्वतःचं स्वेटर. वैजापूरला पुतण्याचं लग्न होतं, तिथं काकू एकट्याच गेल्या.

काकूंचं काम निराळं. खुडूक झालेली गावरान कोंबडी, पाटीत राख, वर भुसा, त्यावर अकरा अंडी. तीही कडकनाथचीच, तात्यांच्याच खेपेतली. कडकनाथ मादी स्वतः सहसा खुडूक बसत नाही, म्हणून तिची अंडी दुसरीखाली ठेवायची ही झाबुआकडचीही जुनी रीत. तात्यांना हे ठाऊक आहे. फक्त पाहुण्यांना सांगत नाहीत.

एकविसाव्या दिवशी खोक्यातून नऊ पिल्लं निघाली, पाटीतून दहा. तात्यांनी वहीत लिहिलं: एकूण 19.

रात्री अंधारात काकूंनी ती नऊही कोंबडीच्या पंखांखाली सरकवली. तिनं काळं-गोरं पाहिलं नाही. सकाळी तात्या लासोटा लशीची बाटली घेऊन निघाले. पाचव्या-सातव्या दिवशी एकेक थेंब डोळ्यात घातला नाही, तर मानमोडी आख्खा थवा नेते. पिल्लं एका दिवसाची होती, पण तात्यांना धीर कुठला? खुराड्यात हात घातला आणि कोंबडीनं मनगटाला असं टोचलं, की बाटली हातातून सुटली.

सध्या तात्या खुराड्यासमोर खुर्ची टाकून बसलेले असतात. जेवायला हाक मारली की खेकसतात. खुडूक मोडायची तर कोंबडीला गार पाण्यात बुचकळतात, हे आमच्याकडे लेकरालाही माहीत आहे. काल काकू अंगणात भरली बादली घेऊन बराच वेळ तात्यांकडे बघत उभ्या होत्या.