पाचशे वॅटचा गृहस्थ

बँडमधल्या बाकीच्यांना काय हवं असतं ते एका दमात सांगता येतं. गायिकेला कोमट पाणी हवं असतं आणि उरलेल्यांनी हळू वाजवायला हवं असतं, गिटारवाल्याला आणखी एक सोलो हवा असतो, ड्रमरला पंखा हवा असतो. बेसवाल्याला मात्र हे विचारू नये; तो सांगतो. पुण्यातल्या पबात वाजवणारा असो की मडगावच्या लग्नात, हा माणूस एरवी तासाला चार शब्द बोलणार नाही. पण अँपचा विषय निघाला की वॅट, ओहम, दहा इंच, पंधरा इंच असा जो सुटतो, तो समोरच्याचा चहा गार होईपर्यंत. त्याच्याकडे एक अँप असतो, एक विकायला काढलेला असतो आणि एक ‘बघून ठेवलेला’ असतो. लोक याला हौस म्हणतात. माझ्या मते हा गैरसमज आहे. अँप श्रोत्यांसाठी घ्यायचा असतो अशी त्याची समजूत असते. खरं तर तो त्याला स्वतःलाच ऐकू यावं म्हणून लागतो, आणि हे एकदा मान्य केलं तर त्याची निम्मी खरेदी आपोआप थांबेल.

वॅटचंच बघा. त्याच्याकडे अडीचशे वॅटचं हेड, म्हणजे स्पीकरविना नुसता अँप, असतं आणि त्याला पाचशेचं हवं असतं, कारण दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट आवाज, यात त्याला शंका घेण्यासारखं काही दिसत नाही. कानाचे पाढे वेगळे आहेत. वॅट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे लक्ष देऊन ऐकणाऱ्याला जाणवेल इतकाच. दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. त्यातून ते पाचशे वॅट सहसा चार ओहमच्या भारावर मोजलेले असतात. आपला गृहस्थ हेड जोडतो ते आठ ओहमच्या एकुलत्या एक कॅबिनेटला, म्हणजे स्पीकरच्या पेटीला, आणि पाचशेतले जेमतेम तीनशे बाहेर पडतात. उरलेले दोनशे नुसते मिरवायचे. त्याऐवजी तसंच दुसरं कॅबिनेट घेतलं तर भार चार ओहम होतो, अँप पूर्ण ताकद देतो, हवा ढकलणारे कोनही दुप्पट होतात आणि आवाज पाच-सहा डेसिबलने चढतो. पण कॅबिनेट जिन्याने वर न्यावं लागतं. वॅट उचलावे लागत नाहीत, हा त्यांचा फार मोठा गुण. क्लास-डी तंत्राने पाचशे वॅटचं हेड दोन-तीन किलोंवर आलं, तेव्हापासून तर वॅट घेणाऱ्याला पाठदुखीचीही भीती उरली नाही.

इंचांची कथा तशीच. पंधरा इंची स्पीकर खोल आणि दहा इंची चपळ, हे तो इतक्या ठामपणे सांगतो की ऐकणाऱ्याला दोन वेगळ्या जातींचे प्राणी डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात चार दहा-इंची स्पीकरचं मिळून क्षेत्रफळ एका पंधरा-इंचीच्या पावणेदोनपट भरतं, आणि सूर किती खाली उतरेल हे इंचांपेक्षा पेटीचं घनफळ आणि तिची स्पीकरशी असलेली जुळणी ठरवते. हॉफमनचा म्हणून एक नियम ध्वनिशास्त्रात प्रसिद्ध आहे: पेटी लहान, सूर खोल, आवाज मोठा, यांतल्या दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. गृहस्थाला तिन्ही हव्या असतात, आणि चौथी म्हणजे ती पेटी रिक्षात मावली पाहिजे. मजा अशी की ज्या आठ दहा-इंची स्पीकरांच्या कपाटाला तो मनोमन नमस्कार करतो, तेही बेसच्या सर्वांत जाड तारेच्या ४१ हर्ट्झपर्यंत पोचताना चांगलंच ओसरलेलं असतं. तरी पन्नास वर्षं जगाला तोच खरा बेस वाटतो, कारण वरचे स्वरांश धडधाकट असले की खालचा सूर कान स्वतःच भरून काढतो. तंबोऱ्यात न लावलेला गंधार ऐकणाऱ्यांना स्वरांशांची ही किमया नवी नाही.

इथे पहिला आक्षेप येतो: मोठमोठ्या बेसवाल्यांच्या मागे ती कपाटं उभी असायची, ते काय वेडे होते? मुळीच नाही. अँपेग कंपनीचं तीनशे वॅटचं एसव्हीटी हे हेड १९६९ साली आलं, त्या वर्षीच्या अमेरिका दौऱ्यावर रोलिंग स्टोन्सनी ते वापरलं. तेव्हाची पीए (श्रोत्यांसाठीच्या स्पीकरांची) यंत्रणा मुख्यतः गाण्याचा आवाज पोचवायची. बेसचा भार मागच्या कपाटानेच उचलायचा होता. आज कार्यक्रम जरा मोठा असला की साउंडवाला बेसची लाइन डीआयमधून, म्हणजे अँपच्या स्पीकरला वळसा घालून, थेट मिक्सरवर घेतो, तीही बहुधा अँपची बटणं लागू होण्याआधीची. म्हणजे गृहस्थाने घरी रात्र रात्र जागून ठरवलेला टोन श्रोत्यांपर्यंत जातच नाही. एका परीने बरंच होतं. हळू आवाजात कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून घरी तो खालचे चढवतो आणि मधले उतरवतो. स्टेजवर नेमके मधलेच सूर बेसला ड्रम आणि गिटारच्या गर्दीतून बाहेर काढतात. मग स्वतःचं वाजवणं ऐकू येईना की तो आणखी आवाज चढवतो. कॅबिनेट जमिनीवर, कान पाच फुटांवर. स्पष्टपणा आणणारे वरचे सूर सरळ रेषेत जाऊन त्याच्या पोटऱ्यांना ऐकू येतात, आणि गढूळ खालचे सूर हॉलभर पसरून साउंडवाल्याचा रक्तदाब वाढवतात.

दुसरा आक्षेप अधिक सबळ आहे. छोट्या कॅफेत पीएवर फक्त गाणं असतं, तिथे बेस अँपमधूनच लोकांपर्यंत जायचा. मान्य. पण तिथेही उत्तर वॅटचं नाही, स्पीकरांचं आहे. कमी वॅटमध्ये जास्त बोलणाऱ्या कॅबिनेटचं आहे. तिसरा आक्षेप नव्या पिढीचा: कानात इन-इअर मॉनिटर घाला आणि अँप विकून टाका. हे हिशेबाला बरोबर आहे, पण बेसचा थोडा भाग अंगानेच ऐकायचा असतो, आणि इन-इअर न लावणाऱ्या ड्रमरलाही पाय कशावर टाकायचा ते कळायला हवं. म्हणून अँप असावा. एका माणसाने उचलण्याजोगा, खुर्चीवर ठेवलेला किंवा मागे कलता करून कानाकडे रोखलेला.

हे गणित त्याला येत नाही असं नाही. डेसिबलची कोष्टकं त्याला तोंडपाठ असतात. अडचण स्वभावाची आहे. बेस वाजवणं म्हणजे जन्मभर दुसऱ्याच्या गाण्याखाली जमीन धरून उभं राहणं. अशा माणसाला ‘मला ऐकू येत नाही’ असं म्हणणं स्वार्थी वाटतं, म्हणून तो ‘लोकांना ऐकू येत नाही’ म्हणतो आणि लोकांसाठी पाचशे वॅट विकत घेतो. त्याने एकदा साउंडचेकच्या वेळी, नेटाने, स्वतःच्या नावाने स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरमध्ये थोडा बेस मागून बघावा. फुकट मिळतो.