धुऱ्यावर उकिडवे बसण्याची मीमांसा

हिंगोली जिल्ह्यात सोयाबीनच्या धुऱ्यावर कोणी विनाकारण उकिडवा बसला, की दोन संशोधने एकदमच सुरू होतात. बसलेला माणूस कोळी ओळखू लागतो आणि रस्त्याने जाणारे लोक त्या माणसाला. पहिल्या शास्त्रावर ग्रंथ पुष्कळ आहेत, दुसरे मात्र अगदीच उपेक्षित राहिले. ती उणीव हे टिपण अंशतः भरून काढील, अशी लेखकाची नम्र समजूत आहे.

आधी पूर्वसूरींचे ऋण. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा शक 1758 साली, लिनियसच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून सुरू होतो. पण कार्ल क्लार्क या स्वीडिश गृहस्थाने कोळ्यांवरचे पुस्तक 1757 सालीच छापून टाकलेले. नियमकर्त्यांनी तोडगा काढला, की तेही 1 जानेवारी 1758 रोजीच निघाले असे धरावे आणि नावांचा पहिला मान मात्र क्लार्कलाच द्यावा. इतका सुबक फेरफार कुठल्याही सज्जावर सापडणार नाही.

वनस्पतींचा इतिहास तर थेट महसुलीच. कुकसाहेबांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ 1901 ते 1908 या काळात निघाला. हिंगोली तेव्हा निजामाकडे, सबब इथला कुर्डू हद्दीबाहेर. पुढे व्ही. एन. नाईक यांचा मराठवाड्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ 1998 साली आला, आणि 1 मे 1999 रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. रुई, तरोटा, आघाडा जागचे न हलता परजिल्ह्यात गेले.

आता प्रत्यक्ष कोळी. सिग्नेचर स्पायडरची मादी जाळ्याच्या मधोमध डोके खाली करून बसते. आठ पाय जोडीजोडीने असे मिटून धरते की चारच दिसावेत आणि फुलीचा आकार व्हावा. पायांच्या टोकांपासून जाळ्यात पांढरी नागमोडी वीण निघते. ती किडे यावेत म्हणून, पाखरांनी जाळे टाळावे म्हणून, की मादी दिसूच नये म्हणून, यावर विद्वानांत एकमत नाही. नर इतका किरकोळ, की नवखा अभ्यासक त्याला वेगळी जात समजून वहीत स्वतंत्र पान देतो. खरे तर डोळ्यांच्या मांडणीवरून कूळ कळते. जातीची खात्री करायची तर बहुधा वयात आलेल्या कोळ्याचे जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखाली धरावे लागते. म्हणून सभ्य हौशी माणूस कुळापाशीच थांबतो. उड्या मारणारा कोळी तेवढा मोटारीच्या दिव्यांसारखे दोन मोठे डोळे रोखून उलट आपल्याकडेच पाहतो. म्हणजे तिसरे संशोधन.

रस्त्यावरच्या शास्त्राला सूक्ष्मदर्शक लागत नाही. हातात कॅमेरा असेल तर पीकविम्याचा माणूस, टेप असेल तर मोजणीवाला, भिंग निघाले की मूळव्याधीचा पाला शोधणारा. यांपैकी काहीच नसेल तर, “काय हरवलं का हो?” विम्याच्या गटात पडलेल्याने फार वेळ बसू नये. “सायब, आमच्याबी गटात या,” म्हणत मोटारसायकली थांबू लागतात.

खुरपणाऱ्या बायांची पद्धत याहून प्रगत. पुस्तकाला ओळखीसाठी फूल लागते, त्यांना दोन पाने पुरतात. केन्याला वर निळी फुले येतात हे हौशी माणूस सांगू लागतो. शिवाय जमिनीखालीही न उमलणारी फुले येतात आणि तिथेच बी धरते, हे तो विशेष अभिमानाने सांगतो. “मंग? तवाच तर सरत नाही मेला,” असे उत्तर येते. वर सूचना, की उपटलेला केना ओल्या धुऱ्यावर टाकू नये, कांडं पुन्हा जीव धरतं.

याच बाया माणसाचे वर्गीकरणही पुरे करतात. कॅमेरा, भिंग, वही या लक्षणांकडे त्या लक्ष देत नाहीत. रिकामा, एवढ्या एकाच कुळात बसवतात आणि वर म्हणतात, “बसलाच आहात तर एक पात धरा.”